निवळलेले औषध

आमच्या घरच्या रांजणाला एक आवाज होता. ओल्या मातीच्या पोटावर शर्टाच्या गुंडीएवढी एक बी गोल गोल घासली जाई आणि त्या खरखरीतून हळूहळू एक लय उभी राही. ती ऐकता ऐकता मला डोळे मिटावेसे वाटत. बी निवळीची. गावापलीकडच्या जंगलात तिची झाडे होती. घासून झाले की रांजणात वैनगंगेचे पाणी ओतायचे. आश्विनातही ते पाणी दुधाच्या चहासारखे असे. मग काही करायचे नाही, थांबायचे. गढूळपणा आपल्याच वजनाने खाली बसे आणि वरच्या पाण्यात, रांजणाच्या तोंडातून पडलेला आभाळाचा तुकडा स्वच्छ दिसू लागे.

हे मला एका ढिवराच्या, म्हणजे नदीवरच्या कोळ्याच्या, आईने शिकवले. १९५०नंतरची ती वर्षे. माझ्या पतींची नेमणूक चांदा जिल्ह्यातल्या, वैनगंगेच्या पूर्वतीरावरच्या एका गावात, सरकारी दवाखान्यात झाली होती. नागपुराहून येणारी बस नदीच्या पश्चिमेच्या काठाशी थांबे. पुढे डोंग्यातून नदी ओलांडावी लागे. लग्नानंतर प्रथम मी त्या गावी गेले तेव्हा आमचा डोंगा वल्हवणारा तरुण म्हणजे या बाईंचा एकुलता एक मुलगा. पाण्याला न दुखवता वल्हे बुडवण्याची त्याची रीत होती. नागपुरात नळाच्या पाण्यावर आणि वडिलांनी पाठ करून घेतलेल्या वृत्तांवर वाढलेल्या मला त्या वल्ह्याच्या उचलण्या-टेकण्यात एक ओळखीचा यती, ओळीतला विसावा, ऐकू आला, आणि नव्या जागेची भीती त्या पात्रातच कुठेतरी उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई मासळी घेऊन दारात आली. माझा रांजण वाकून पाहिला आणि तिने जीभ चावली.

"हे पानी पेता का तुमी, बाई?"

कनवटीची बी काढून तिने तिथेच घासायला घेतली. मी उत्सुकतेने रांजण जरा कलता केला, तर माझ्या मनगटावर हलकेच चापट बसली.

"हालवू नका जी. पान्याले बसू द्या."

ती मला बाई म्हणे, मी तिला बाई म्हणे. वयाने ती माझ्या आईएवढी. झाडीच्या, म्हणजे त्या जंगलपट्टीच्या, बोलीत 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याला ती 'डोरा' म्हणे. त्या शब्दात मला नेहमी काहीतरी ओवण्याची जाणीव होई. पुढे तो शब्द आमच्या घरात फार वेळा, फार काळजीने उच्चारला जाणार होता.

पावसाळा सरला की तिचा मुलगा डोंगा चुलत्याच्या हाती देई आणि स्वतः रानात जाई. ढिवरांच्या कित्येक घरांत नदीइतकाच जंगलाशीही संबंध होता. ऐनाच्या झाडांवर ते कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे सोडत. बोटाएवढे, हिरवे, अंगावर बारीक चंदेरी ठिपके असलेले किडे ऐनाची पाने खाऊन वाढत आणि शेवटी देठाला टांगून कोसा विणत. त्यांना पाखरांपासून, मुंग्यांपासून, गांधीलमाशांपासून राखायचे. एका झाडाची पाने सरली की डहाळीसकट दुसऱ्या झाडावर न्यायचे. हिरव्या पानातला हिरवा किडा पाहायचा, तर डोळा हवा. दुसरे हत्यार नाही.

आणि ही राखण म्हणजे व्रत. कोसा उतरेपर्यंत राखणारा अंगाला तेल लावत नसे, हळद लावत नसे, मासळी खात नसे, दाढी करत नसे. ऐनांच्या त्या राखलेल्या तुकड्याभोवती गवताची दोरी बांधलेली असे. तिच्या आत बाईमाणसाने जायचे नाही. आणि ज्याने मासळी खाल्ली असेल, अशा कोणीही नाही. मला हे ऐकताना पहिल्यांदा हसू आले होते. पण रानात जाऊन तिथली शांतता ऐकल्यावर, असंख्य तोंडांनी पाने खाल्ली जात असल्याचा तो रिमझिम आवाज ऐकल्यावर, दोरीशी आपोआप पाय थांबले.

त्या वर्षी किडे अजून लहान असताना तिच्या मुलाचा उजवा डोळा आला, असे सगळ्यांना वाटले. आईने गुलाबपाण्यासारखे काहीतरी मागायला मला गाठले. पतींनी नुसते ऐकले आणि टोपी घातली. मीही सोबत गेले.

दोरीपलीकडे तो उभा होता. उजव्या डोळ्यावर तळहात, त्यातून गालावर पाणी. पती दोरी ओलांडू लागले तसे त्याने दुसरा हात वर केला.

"साहेब, सकारी मच्छी खाल्ली का?"

पती घोटाळले. सकाळची मासळी त्याच्याच आईने आणून दिलेली होती.

"खाल्ली," ते म्हणाले.

"मग तितूनच पाहा जी."

सरकारी डॉक्टर दोरीवरून वाकून, चवड्यांवर उभे राहून रोग्याचा डोळा तपासतो आहे, आणि रोगी आपली मान जास्तीत जास्त पुढे काढतो आहे, ते दृश्य मला अजून दिसते. आई म्हणाली, "बगऱ्यावानी दिसून राह्यले दोघंबी." पण भिंग डोळ्यासमोरून खाली आले तेव्हा पतींच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

हे साधे डोळे येणे नव्हते. लाली पापणीकडे नव्हती. काळ्या वर्तुळाला चिकटून, मावळत्या सूर्याभोवतीच्या कड्यासारखी, आतल्या बाजूला होती. उजेड सुईसारखा टोचत होता, आणि भुवईच्या हाडात खोल ठणका. घरी येताना त्यांनी मला समजावले, "बाहुलीभोवतीचा जो रंगीत पडदा असतो ना, तो सुजला आहे. सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. एकदा पक्का चिकटला की बाहुली उघडत नाही. डोळा जातो."

चिकटू नये म्हणून बाहुली रुंद करणारे थेंब दवाखान्यात होते. ते पाण्यासारखे नितळ. आईने बिनतक्रार घातले. मात्र सूज उतरवायला पतींना एक नवे औषध हवे होते. त्याविषयी त्यांनी नुकतेच वाचले होते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या इवल्या ग्रंथी एक रस तयार करतात. तोच रस माणसाने बाटलीत आणला होता आणि सुजलेल्या डोळ्यांवर तो विलक्षण गुण देत होता.

"म्हणजे शरीराचंच शरीराला द्यायचं?" मी विचारले.

"तसंच."

"पण डोळ्याला कसं कळतं, शांत व्हायचं ते?"

"ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही," ते म्हणाले. "होतो शांत, एवढं खरं."

मला ते उत्तर आवडले. आत कोणीतरी ऐकणारे असले पाहिजे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

नागपुरातल्या एका मित्राकडून औषध प्रथम आले ते मलमाच्या नळीत. पतींनी दोरीशी उभे राहून आईच्या बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढे मलम घेतले. तिने ते अंगठ्याशी चोळले, वास घेतला, मग मातीत पुसले आणि पुन्हा वास घेतला.

"हे तेलकट हाय, साहेब."

"तेल नाही बाई, मलम आहे."

"बोटाले लागलं त पान्यानं जात नाई. तेल नाई त काय?"

मुलगा पलीकडून शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचा शब्द मोडत नाई मी. पर तेल लावून या झाडाइले हात नाई लावता येत मले. कोसा उतरू द्या, मंग काय लावाचं ते लावा." त्याच्या स्वरात हट्ट नव्हता. शब्द दिला होता आणि तो पाळायचा होता, इतकेच.

कोसा उतरेपर्यंत डोळा थांबणार नाही, हे पतींना ठाऊक होते. वाद घालण्याऐवजी त्यांनी मित्राला पुन्हा निरोप धाडला: हेच औषध थेंबांच्या रूपात मिळते का, पाहा. नंतरच्या बसने दोन तपकिरी बाटल्या आल्या, कापसात गुंडाळलेल्या, अत्तराच्या कुपीएवढ्या. पतींनी त्यातली एक उन्हात धरून हलवली तेव्हा आतले पाणी पांढुरके झाले.

"याले चालते," आई बोटावर थेंब घेऊन म्हणाली. "हे पानी हाय."

"दर वेळी हलवून घालायचं," पतींनी सांगितले. "दिवस आहे तोवर थोड्या थोड्या वेळाने."

ती मान डोलावत होती. दुसऱ्या दिवसापासून ती दोरीशी, मोहाच्या सावलीत, ठाण मांडून बसली. तो राखण सोडून पुन्हा पुन्हा दोरीशी येई, गुडघे टेकून मान मागे करी, आणि ती दोरीवरून हात लांबवून थेंब घाली. उजेड लागू नये म्हणून पळसाच्या पानांची एक झापड त्याने त्या डोळ्यावर बांधली होती. एका डोळ्याने किडे राखीत होता.

पण सूज उतरेना. लाल कडे तसेच, ठणका तसाच. पती रोज भिंग घेऊन जात (मासळी त्यांनी केव्हाच सोडली होती, आता ते दोरीच्या आत जाऊ शकत होते) आणि रोज अधिक काळजीत परतत. रुंद करणारे थेंब घालूनही बाहुली पूर्ण गोल होत नव्हती; एका बाजूला ती ओढल्यासारखी, पेरूच्या बीसारखी दिसे. तिथे पडदा चिकटू लागला होता. शेवटी त्यांनी त्याला नागपूरला चलण्यास सांगितले. त्याने झाडांकडे पाहिले.

"आता किडे सोडून कसा येऊ, साहेब? मांगं कोन हाय?"

"डोळा जाईल."

"दुसरा हाय ना."

आई तिथेच होती. तिने पदराचा शेव तोंडाशी धरला. जेवताना पती म्हणाले, "एक बाटली संपली. दुसरीने फरक पडला नाही, तर मी त्याला उचलून नेईन. पण तोवर उशीर झालेला असेल." त्यांना औषधाचाच संशय येऊ लागला होता. कदाचित हा वेगळाच रोग असेल. कदाचित वाचलेले सारेच फार आशेने लिहिलेले असेल.

दुसऱ्या दिवशी आई नेहमीसारखी दाराशी आली. मासळी नव्हती, मुलाचे व्रत तीही पाळू लागली होती. म्हणाली, "चला बाई, दोरीपाशी बसा माह्यासंगं. एकटीनं जीव खाली-वर होऊन राह्यला."

आम्ही गेलो. आश्विनातली सकाळ, गवतावरून चालताना पातळाचा काठ भिजून घोट्यांना गार लागत होता. धानाच्या बांध्यांतून लोंबीतल्या दुधाचा गोडसर वास येत होता, आणि रानात शिरताच तो संपून ऐनाच्या सालीचा तुरट वास सुरू झाला. मोहाखाली तिचा संसार मांडलेला होता: एक गोणपाट, पाण्याचे मडके, आणि मडक्याच्या बुडाशी ओल्या वाळूत अर्धी पुरलेली ती तपकिरी बाटली. सावलीत, गारव्यात, देवाच्या मूर्तीसारखी बसवलेली.

मुलगा आला. गुडघे टेकले, झापड वर केली. आईने वाळूतून बाटली अशी काही उचलली की जणू झोपलेले मूल उचलावे. बूच काढले. काचेची नळी वरच्यावर बुडवली. नळीतला थेंब नितळ होता. आसवासारखा नितळ.

मी बाटलीकडे पाहिले. काचेच्या आत, तळाशी, चुन्यासारखा पांढरा थर शांत बसलेला होता.

"बाई," मी म्हणाले, "बाटली हलवायची ना? साहेबांनी सांगितलं होतं."

"सांगतलं जी. आयकलं मी."

"मग?"

"खोकल्याची शिशी हालवतेत, मले ठावं हाय. ते तोंडानं जाते. हे डोऱ्यात जाते. डोऱ्यात कोनी साका घालते का? शिशीले धक्का नाई लागू देत मी. वाऱ्यात नाई ठेवत." तिच्या आवाजात अभिमान होता. "पयल्या शिशीचा साका असाच बुडाशी राह्यला, तो फेकला."

पहिल्या बाटलीतले सारे औषध मोहाच्या मुळाशी गेले होते, आणि त्या डोळ्यात इतके दिवस प्रेमाने, वेळच्या वेळी, गार करून पाणी पडत होते.

"बाई, ते पांढरं तेच औषध आहे. वर नुसतं पाणी."

तिने माझ्याकडे, मग बाटलीकडे पाहिले. "औषद बुडते का कुठी?"

"हे बुडतं. विरघळत नाही, म्हणून हलवायचं."

"घरी रांजन हालवून पानी पेता का तुमी?"

माझ्या मनगटावरची ती चापट मला आठवली. डोळ्यात जायचे ते निवळलेलेच जायला हवे; त्या नदीकाठी कोणत्याही समजूतदार आईने असेच केले असते. मी दुसरी वाट धरली.

"पेज वाढताना तुम्ही पळी खालून फिरवता ना? न फिरवता वाढली, तर पहिल्या वाढणीला नुसतं पाणी आणि सगळी शितं खाली."

"पेज पोटात जाते."

"माय," मुलगा दोरीपलीकडून म्हणाला. त्याचे डोके अजून मागे कलंडलेले होते. "बाई म्हनते ते आयक ना वं. मान दुखून राह्यली माही."

"तू गप रे. डोरा तुहा हाय, पर जीव माहा जाऊन राह्यला." मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ नजरेने, "तुमी घालान का तुमच्या डोऱ्यात? पयले तुमी घाला."

मी बाटली घेतली. बूच लावून हलवली. तळचा थर आधी गुठळीसारखा सुटला, मग धुक्यासारखा पसरला, आणि सारे पाणी दूध झाले. मान मागे करून मी एक थेंब डोळ्यात सोडला.

गारवा प्रथम कळला. मग अगदी बारीक, रवाळ स्पर्श, ओल्या रांगोळीसारखा. ऐनाची झाडे क्षणभर दुधात बुडाली, त्यांच्या कडा विरघळल्या, पानांतून उतरणारे ऊन पांढऱ्या फुलांसारखे तरंगले. पापणी लवली आणि सगळे पुन्हा जागेवर आले.

"चुरचुरते का?" आई जवळ वाकली होती.

"नाही. गार आहे."

"दिसते का?"

"दिसतं. तुमचं नाक दिसतं."

"मोठं दिसते का बराबर दिसते, इचार माय," पलीकडून आवाज आला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "मेल्या, डोरा एकच राह्यला तरी तोंड चालूच हाय तुहं!"

मग तिने बाटली माझ्या हातून घेतली, कानाशी धरली, हलवली, पुन्हा हलवली, आत काही बोलते आहे का ते ऐकल्यासारखी. दोरीवरून हात लांबवला. पांढरा थेंब त्याच्या डोळ्यात पडला तेव्हा तिने स्वतःचे दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले होते.

पतींना हे सांगितले, तेव्हा ते आधी मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ ओसरीत येरझारा घालत राहिले. त्याच संध्याकाळी त्यांनी मित्राला आणखी बाटल्यांसाठी निरोप पाठवला. पुढे त्या दवाखान्यातून असे औषध ज्याला ज्याला दिले, त्याला ते बाटली उन्हात धरून खालचा थर दाखवीत. "हा पाहा," म्हणत, "हाच कामाचा. वरचं त्याचं वाहन."

गुण आला तो आधी लालीत दिसला नाही. तिसऱ्या की चौथ्या सकाळी तो म्हणाला, "काल झोप लागली जी." भुवईतला ठणका थांबला होता. मग एकदा झापड बांधायची राहून गेली, आणि पानांतून आलेली तिरीप डोळ्यावर पडूनही त्याने हात वर नेला नाही. हे आम्हा तिघांच्याही एकदम लक्षात आले, त्याच्या मात्र नाही. त्यानंतर ते लाल कडे फिकट होत गेले, जांभळट, गुलाबी, आणि मग नुसती एक आठवण. पती भिंगातून पाहत आणि मला सांगत: बाहुलीची ओढलेली कड सुटते आहे. थेंब एकदम बंद करायचे नाहीत, हळूहळू कमी करायचे, असे त्यांनी आईला बजावले, आणि आता आई त्यांच्याही पुढे गेली होती. बाहुली रुंद करणारे नितळ थेंबसुद्धा ती हलवूनच घाली. "ते हलवायची गरज नाही," पती म्हणाले. "हालवलं त काई बिघडते का?" "नाही बिघडत." "मंग?"

त्या काळात मी पुष्कळदा तिच्याजवळ दोरीशी बसत असे. किडे मोठे झाले होते. मध्येच ते खाणे सोडून, मान उंचावून, स्तब्ध बसत. सारे रान एकाएकी मुके होई. तो ओठांवर बोट ठेवी. "झोपले हायत. कात टाकतीन आता." आणि खरेच, कोणी सांगितल्यासारखे, एकेकजण जुनी कातडी मागे सारून नव्या, ओलसर हिरव्या अंगाने बाहेर येई.

"यांना कोण सांगतं?" मी पतींना विचारले होते.

"यांच्याही अंगात असाच काही रस असावा, असं म्हणतात."

कित्येक वर्षांनी, आम्ही नागपुरात राहायला आल्यावर, माझी मुलगी जीवशास्त्र शिकू लागली. एका दुपारी भाजी निवडता निवडता ती मला ते सांगू लागली, जे तिच्या वडिलांना त्या काळी कोणीच सांगू शकले नसते. या रसांना आता संप्रेरके म्हणतात. डोळ्यात घातलेले ते औषध पेशीच्या आत शिरते आणि तिथे त्याच्यासाठीच घडवलेला एक ग्राही, म्हणजे निरोप झेलणारा रेणू, वाट पाहत असतो. दोघे एकमेकांत बसले की जोडीने पेशीच्या गाभ्याकडे जातात, आणि सूज पेटवणारे हुकूम तिथेच थांबतात. ग्राही नसता, तर औषध कितीही घातले तरी ऐकणारे कोणी नव्हते. "आणि गंमत म्हणजे," ती म्हणाली, "किड्याला कात टाकायला लावणारं जे संप्रेरक, त्याचाही ग्राही असतो. आपल्या या ग्राहीच्याच घराण्यातला. लांबचा नातेवाईक म्हण."

मी मेथीची जुडी हातात धरून बसून राहिले. दोरीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि वर ऐनाच्या पानांत ते हिरवे, झोपलेले जीव. आणि त्या डोळ्यात आणि त्या किड्यांत, एकाच घराण्यातले ते ऐकणारे, आपापल्या निरोपाची वाट पाहत बसलेले. किती तरी दिवस आमच्याकडून त्यांतल्या एकाकडे नुसतेच गार पाणी जात होते. ते मात्र जागचे हलले नव्हते.

त्या वर्षी कार्तिकाच्या अखेरीस कोसा उतरला. देठांना टांगलेले राखाडी-पिवळे, कवठाच्या सालीसारखे टणक कोसे त्याने टोपल्यांत भरून दोरीशी आणले, आणि मग स्वतःच्या हातांनी दोरी सोडली. व्रत संपले. पतींनी त्याला उन्हात बसवून शेवटचे भिंग लावले. मलाही पाहू दिले. बाहुली गोल होती. तिच्या काठावर कुठेही ओढ नव्हती. तळ्यात पडलेल्या थेंबाभोवतीच्या वर्तुळाइतकी ती पुरी गोल होती, आणि तिच्यात आभाळाचा एक लहानसा तुकडा दिसत होता.

नदीवर जाऊन त्याने दाढी केली, अंघोळ केली. घाटावर आईने वाटीत जवसाचे तेल आणले होते. इतक्या दिवसांच्या कोरड्या केसांत तिने ते ओंजळीने जिरवले, बोटे मुळांपर्यंत नेऊन. तेलाचा उग्र, उबदार वास पाण्यावर पसरला. एक ओघळ कपाळावरून भुवईकडे निघाला.

"डोरा मीट," ती म्हणाली, आणि पदराच्या टोकाने तो ओघळ वाटेतच टिपला. "आता उघड."

त्याने दोन्ही डोळे उघडले. पलीकडच्या काठाकडे पाहिले. मला तिथे नुसती वाळू आणि ऊन दिसत होते.

"बस आली," तो म्हणाला. "चार मानसं उतरून राह्यली. एक बाई हाय, हिरवं लुगडं." आणि ओल्या, तेलकट डोक्यानेच उठून, चुलत्याच्या हातून वल्हे घेऊन, तो डोंगा सोडायला गेला.